एक खाच हळदीची

फोन मसालेवाल्या ताईंना आला होता. त्यांनी तो माझ्याकडे वळवला, कारण प्रश्न पिशवीचा होता आणि पिशवी मी केली होती. पलीकडून एक वयस्कर बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या सगळ्या पिशव्या एकसारख्या का झाल्या? परवा आमटीत हळद म्हणून धणे पूड गेली. माझं काही बिघडलं नाही, पण आता मी तुमचा माल घेणं बंद केलंय. बावीस वर्षं घेत होते म्हणून कळवावंसं वाटलं.”

मी सांगलीत वेष्टनांची आणि ब्रँडची कामं करते. ताईंचा मसाल्याचा कारखाना घरगुती म्हणावा असाच, चौदा-पंधरा बायका आणि दोन डंक, म्हणजे मसाला कुटायची यंत्रं. पूर्वी त्यांची हळद पुठ्ठ्याच्या डबीत यायची, चटणी बरणीत (आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात) आणि धणे पूड साध्या पारदर्शक पिशवीत. मी गेले तेव्हा पहिलं सांगितलं ते हे, की हे सगळं एका घरातलं दिसलं पाहिजे. मग सहाही वस्तू एकाच मापाच्या, एकाच झिपच्या, उभ्या राहणाऱ्या पाऊचमध्ये आणल्या. फरक ठेवला फक्त रंगाचा. दुकानाच्या फळीवर ती रांग फार सुरेख दिसायची. मला त्या कामाचा अभिमान होता.

फोनवरच्या बाई लहानपणापासून अंध होत्या. मिरजेत शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात डबी, बरणी आणि पिशवी हाताला वेगवेगळी लागत होती, तोवर आमचा ब्रँड त्यांना नीट ओळखू येत होता. मी तो ‘एका घरातला’ केला आणि त्यांच्यापुरता पुसून टाकला.

दोन दिवसांनी ताई आणि मी मिरजेला त्यांच्याकडे गेलो. ताई आल्या त्या बावीस वर्षांचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून. मी आकडे काढून नेले होते. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रातल्या. मला वाटलं होतं की खर्चाचा विषय निघाला की हे सांगावं लागेल. ताईंना त्याची गरजच पडली नाही. बाईंनी फळीवरच्या पिशव्या दाखवल्या. त्यांनी त्यांना रबर बँड लावले होते. हळदीला एक, तिखटाला दोन, धण्याला तीन. “रबर तुटलं की पुन्हा शून्यापासून,” त्या म्हणाल्या. “झिप उघडून वास घेता येतो, पण सहा पिशव्या उघडून एक शोधायची म्हणजे हात चटणीचे होतात आणि नाक कामातून जातं.”

ताई त्या रबर बँडकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “हे आपण करायला पाहिजे होतं.”

मी अर्थातच ब्रेलपासून सुरुवात केली. डोळस माणसाला अंधत्वाबद्दल सुचतं ते आधी ब्रेलच. पण पाऊचची फिल्म लवचिक असते. आम्ही करून घेतलेल्या पहिल्या नमुन्यात उठवलेले ठिपके मसाला भरल्यावर ताणले गेले आणि खोक्यात दाबून ठेवल्यावर जवळजवळ सपाट झाले. बाईंनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “इथं काहीतरी खरखरीत आहे, एवढंच कळतंय.” पुढे त्या जे बोलल्या त्यानं माझं सगळं काम बदललं. “मला ब्रेल येतं, कारण मी लहानपणी शिकले. पण माझ्या शेजारच्या आजोबांची दृष्टी सत्तरीत काचबिंदूनं गेली. ते आता ब्रेल कुठं शिकणार? त्यांना मोजता येतं. मोजायचं काहीतरी कर.”

पाऊचच्या दोन्ही कडांना सीलची पट्टी असते आणि वर फाडायला एक खाच असतेच. बाईंनीच ती बोटानं दाखवली. “ही खाच तुम्ही सगळ्यांसाठी करता ना? अशाच खाली अजून कर.” तीनपेक्षा जास्त खाचा घाईत मोजताना चूक होते, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. सहा वस्तू आणि आकडे तीनच. मी उजवी-डावी बाजू वापरायची म्हटलं, तर त्यांनी विचारलं, “पण पुढची बाजू कुठली, हे मला आधी कसं कळणार?” उत्तर त्यांनीच काढलं. साध्या पुडींना एकाच कडेवर खाचा, मसाल्यांना दोन्ही कडांवर. हळद एक, तिखट दोन, धणे तीन. दोन्ही कडांवर एकेक म्हणजे चटणी, दोन-दोन म्हणजे काळा मसाला, तीन-तीन म्हणजे गोडा. पिशवी उलटी धरा, सुलटी धरा, उत्तर तेच. मी इतकी वर्षं चिन्हं आखते, पण इतकी नेटकी पद्धत मला स्वतःला सुचली असती असं वाटत नाही.

आधीच छापून आलेल्या पाऊचवर आम्ही हाताच्या पंचनं खाचा पाडून पाहिल्या. तेव्हा दोन चुका झाल्या. फाडायची खाच टोकदार असते, कारण तिथून फाटावं हाच तिचा उद्देश असतो. मी मोजायच्या खाचाही तशाच टोकदार ठेवल्या. तिखटाच्या पिशव्या मधूनच फाटायला लागल्या. मग खाच अर्धगोल केली. गोल कडेवर ताण एका बिंदूवर साठत नाही, त्यामुळे फाटणं थांबलं. दुसरी चूक सीलच्या रुंदीची. आमची पट्टी सहा मिलिमीटर होती. खाच दोन मिलिमीटर आत गेली की उरते चार, आणि जिथं सील जरा वाकडं बसलंय तिथं तेवढंही नाही. हळदीचं एक अख्खं खोकं पिवळं होऊन परत आलं. पुढच्या ऑर्डरला पट्टी दहा मिलिमीटर केली आणि मोजायच्या खाचा झिपच्या बऱ्याच खाली, मधोमध आणल्या. वरच्या फाडायच्या खाचेला कुणी चुकून मोजू नये म्हणून.

पाऊच बनवणारे दादा आधी नाखूश होते. वेगळा पंच, वेगळी सेटिंग, सहा वस्तूंसाठी सहा वेळा बदल. त्यांना मी एक नमुना डोळे मिटून ओळखायला सांगितलं. त्यांनी ओळखला, पुन्हा ओळखला, आणि मग स्वतःच विचारायला लागले की खाचेची धार बोटाला टोचते का. तिथून पुढे ते आमच्या बाजूचे झाले.

स्पर्शाचं हे काम चालू असताना मी बाकीच्या पिशवीकडेही नव्यानं बघायला लागले. चटणी आम्ही तिखट आणि सौम्य अशा दोन प्रकारांत विकतो. तिखट लाल, सौम्य हिरवी. कारखान्यातून माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याकडून या दोन पिशव्या नेहमी अदलाबदल व्हायच्या आणि आम्ही त्याला वेंधळा समजत होतो. त्याला लाल-हिरव्यातला भेद नीट दिसत नाही, हे त्यानं विचारल्यावर सांगितलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं. मी घरी येऊन दोन्ही रंगांचा कॉन्ट्रास्ट मोजला. १.१ : १ आला. म्हणजे रंगाची ओळख काढून घेतली तर उरलेला गडद-फिकेपणा दोन्हींचा जवळपास सारखाच.

याची सरकारी दखल घेतली गेली आहे, हे मला पूर्वी माहीत असूनही मी त्यावर विचार केला नव्हता. खाद्यपदार्थांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि मांसाहाराचा तपकिरी ठिपका असायचा. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२०च्या लेबलिंग नियमांत मांसाहाराच्या ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला, तो रंगांधळेपणा असलेल्या माणसालाही दोन्ही वेगळे ओळखता यावेत म्हणून. प्रत्येक पिशवीवर ते चिन्ह मी स्वतःच्या हातानं बसवत होते आणि शेजारीच फक्त रंगावर भागवत होते. आता तिखट चटणीवर तीन मिरच्या आहेत, सौम्यवर एक, आणि दोन्हींवर तो शब्द ठळक लिहिलेला आहे. रंग तेच ठेवले. ज्यांना दिसतात त्यांचे ते का काढून घ्यायचे?

अक्षरांचा प्रश्न जास्त खोल निघाला. कॉन्ट्रास्टचे आकडे जगभर एकच मानतात. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १. आमच्या वेबसाइटवर पांढऱ्यावर केशरी अक्षरं होती. मोजलं तर २.१. ती गर्द लाल केली, दहाच्या आसपास गेली. हे अर्ध्या तासाचं काम. पण देवनागरी बारीक छापली की काय होतं, याचा आकडा मला कुठं मिळाला नाही. तो मी कमी दृष्टी असलेल्या एका निवृत्त पोस्टमास्तर सरांच्या शेजारी बसून शिकले. ते भिंग लावून वाचत होते आणि मी लिहून घेत होते. ‘धणे’ त्यांनी ‘घणे’ वाचलं. मी निवडलेल्या वळणदार टाइपात ध ची गाठ इतकी बारीक होती की ती छपाईत भरून गेली होती. ‘खसखस’मधला ख इतका फुटलेला की त्यांना तिथं ‘रव’ दिसला. ‘कांदा’वरचा अनुस्वार चकचकीत फिल्मच्या तिरिपीत हरवला. इंग्रजी अक्षराला डोक्यावर आणि पायाखाली इतकं काही सांभाळावं लागत नाही. आपल्याकडे रफार, अनुस्वार, उकार, सगळं रेघेच्या वर-खाली लटकतं आणि डिझाइनरनं जागा वाचवायला ओळी जवळ घेतल्या की पहिला बळी त्यांचाच जातो. आम्ही ‘मुक्ता’ हा टाइप घेतला, ओळींतलं अंतर वाढवलं, फिल्म मॅट केली, आणि तारखेच्या शिक्क्यासाठी गडद रंगात पांढरी चौकट सोडली. त्या चौकटीचं सरांनी फार कौतुक केलं. “बाकी सगळं मला चवीनं कळतं,” ते म्हणाले, “तारीखच तेवढी चवीनं कळत नाही.”

आता ज्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ती सांगते.

बाईंना मी मोठ्या उत्साहानं आमची दरपत्रकाची पीडीएफ पाठवली होती. त्यांनी फोन केला आणि काही न बोलता टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनची सोय, सुरू करून मला ऐकवला. आवाज भराभर काहीतरी वाचत होता. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डॉलर, पुन्हा अक्षरं. त्यात मराठीचा एक शब्द नव्हता. दरपत्रक यूनिकोडपूर्व (म्हणजे देवनागरी अक्षराला यंत्रात स्वतःची ओळख मिळण्याआधीच्या) जमान्यातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. अशा फॉन्टमध्ये फायलीच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. डोळ्याला ‘हळद’ दिसतं, यंत्राला मात्र भलतंच काही. आमच्या धंद्यात आजही कितीतरी मजकूर असाच फिरतो, कारण जुन्या फायली आहेत, ऑपरेटरांच्या बोटांना तीच सवय आहे आणि छापल्यावर फरक दिसत नाही. आणि जिथं यूनिकोड वापरतो तिथंही प्रेसला देताना अक्षरं बिघडू नयेत म्हणून आम्ही मजकूर कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकतो. छपाईसाठी ते ठीक. पण तीच फाईल पुढे व्हॉट्सॲपवर जाते, वेबसाइटवर चढते, दिवाळीच्या शुभेच्छा होते. मी बसून मागच्या तीन वर्षांतल्या आमच्या पोस्टी पाहिल्या. दर, सवलती, दुकान बंद असल्याच्या सूचना, पाककृती, सगळं चित्रात. बाई आमच्या ग्रुपवर पहिल्या दिवसापासून होत्या. तीन वर्षं त्यांना आमच्याकडून फक्त ‘फोटो’, ‘फोटो’, ‘फोटो’ असं ऐकू येत होतं.

मराठी टिकली पाहिजे म्हणून आपण इतकं बोलतो. आणि ज्या मराठी माणसाला ती वाचायला कान लागतात, त्याच्यासाठी आपणच तिचं चित्र करून भिंतीवर टांगतो.

त्या आठवड्यात मी दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. दरपत्रक यूनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. एनव्हीडीए हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) संगणकावर घेतलं. ते फुकट आहे आणि मराठी वाचतं. मग पडदा बंद करून आमची वेबसाइट ऐकली. ‘बटन’, ‘बटन’, ‘आयएमजी दोन शून्य चार तीन’. कुठलं बटन पैसे भरायचं आणि कुठलं टोपलीत टाकायचं, कळायला मार्ग नव्हता. चित्रांना वर्णनं लिहिली तर बाईंनी तीही परत पाठवली. मी लिहिलं होतं, ‘मसाल्याचा फोटो’. “फोटो आहे हे मला फोन सांगतोच. मसाला दाणेदार आहे का बारीक? रंग कसा आहे? पाव किलो का अर्धा?” मी संकोचून विचारलं, “बाई, रंगही सांगायचा?” त्या म्हणाल्या, “का नाही? ब्याडगीचा रंग गर्द असतो हे मला ठाऊक आहे. तुमच्यात ती किती आहे ते मी रंगावरून ओळखते, ऐकून.” आता व्हॉट्सॲपवर प्रत्येक चित्राखाली तोच मजकूर पूर्ण टाइप केलेला असतो. ओळीनं आठ मिरच्यांचे इमोजी टाकायची माझी सवयही गेली, कारण फोन आठ वेळा मिरचीचं नाव घेत राहतो.

पाककृतींच्या रीलमध्ये ताई स्वतः बोलतात. फार गोड बोलतात, पण “आता हे घाला, एवढं घाला, असं परतून घ्या” असं. बाईंना ‘हे’ म्हणजे काय ते कळायचं नाही, आणि कारखान्यात पॅकिंगला असलेल्या आमच्या एका कर्णबधिर मुलीला ताई बोलताहेत एवढंच दिसायचं. दोघींचा उपाय एकच निघाला. ताईंनी “दोन चमचे चटणी, कांदा लाल होईपर्यंत” असं नाव घेऊन बोलायचं आणि तेच शब्द खाली लिहून यायचे. त्या मुलीनं मला आणखी एक सांगितलं, लिहूनच. तिच्या शाळेतल्या सगळ्या मैत्रिणी मराठी भराभर वाचू शकत नाहीत, त्यांची पहिली भाषा खुणांची आहे. म्हणून ओळी लहान आणि पडद्यावर जास्त वेळ ठेवा. तेही केलं. ऑर्डर फक्त फोनवर घेण्याचा नियम त्याच दिवशी गेला.

ब्रेल शेवटी आलंच, पण पिशवीवर नाही. जाड कागदावर दरपत्रक काढून घेतलं. तेही पहिल्यांदा चुकलं. मी इंटरनेटवरून मिळालेल्या साधनानं मजकूर अक्षराला अक्षर बदलला होता. आपल्या भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये जोडाक्षराची खूण, म्हणजे चौथा ठिपका, जोडाक्षराच्या आधी येते. यूनिकोडमध्ये पाय मोडण्याची खूण पहिल्या अक्षराच्या नंतर असते. त्यामुळे माझी ‘ब्याडगी’ अडखळली. बाई ‘स्पर्शज्ञान’ या २००८ साली सुरू झालेल्या मराठी ब्रेल पाक्षिकाच्या जुन्या वाचक. त्यांनी माझं दरपत्रक संपादकासारखं तपासलं. एक गोष्ट मात्र मला फार आवडली. छापील मराठीत ‘मिरची’ची वेलांटी म च्या आधी काढतो आणि नंतर बोलतो. ब्रेलमध्ये म आधी, इ नंतर, जसं बोलतो तसंच.

नव्या पिशव्या बाजारात आल्या तेव्हा मी एक पोस्ट लिहिली. बाईंचा हात पिशवीवर, पार्श्वभूमी काळी, आणि अंधाराला जिंकण्याबद्दलची एक ओळ. परवानगीसाठी त्यांना वाचून दाखवली. त्या जरा वेळ गप्प होत्या. “माझ्या घरात अंधार नाही,” त्या म्हणाल्या. “माझा हात लावून मसाला विकू नकोस. खाचा कशा मोजायच्या तेवढं लिही.” दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा मी वाचला होता, त्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मला पाठ होते. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग म्हटलं, तेही माहीत होतं. हक्क म्हणजे काय हे माहीत असून मी दयेचीच भाषा लिहिली होती. ती पोस्ट काढून टाकली. जी गेली तिच्यात फक्त सहा ओळी होत्या. एका कडेवर एक खाच, हळद. दोन खाचा, तिखट. तशाच पुढे.

बाई आता पुन्हा आमचं गिऱ्हाईक आहेत. शेजारच्या आजोबांना त्यांनीच खाचा शिकवल्या. दहा रुपयांच्या छोट्या पुडीला सील इतकं अरुंद असतं की तिथं आम्हाला अजून काही करता आलेलं नाही. आणि मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. थंडीत बोटं बधिर झाली की दोन आणि तीन खाचांत गोंधळ होतो, मधलं अंतर कमी पडतं. आम्ही ते चार मिलिमीटर ठेवलं होतं. दादांना सातचा पंच करायला सांगितलाय. गुरुवारी नमुना येणार आहे, तो घेऊन मी मिरजेला जाईन.